दोन्ही आयसी उडालेत म्हणे!

पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मी कॉलेजपासून फिरतोय. आपल्याला कोण गंडवणार, अशी थोडी गुर्मी होती. ती साडेतीन हजारांत उतरली, वूफर वेगळा.

घरचा ॲम्प्लिफायर साधाच. आवाज मोठा करणाऱ्या टीडीए ७२९४ या चिपचे दोन आयसी, दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट देणारा २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर, ८ ओमचे स्पीकर. सहा वर्षं कुरकुर नाही. पण गणपतीच्या तोंडावर बेस वाढवायची हुक्की आली. दुकानदार म्हणाला, "साहेब, सप्लायच कमी पडतोय. २८-०-२८, ५ अँपियर टाका. प्युअर कॉपर." मी हो म्हणालो. आधी गणित करायला हवं होतं. २८ गुणिले १.४१, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर साधारण ३९ व्होल्ट, आणि आमच्याकडे रात्री लाइन २३० ऐवजी २४५ पर्यंत चढते, की हेही वर जातात. या आयसीला काम करताना प्लस-मायनस ४० ही हद्द.

त्याने तो बसवून दिला. ॲम्प्लिफायर घरी आणून लावला तर ब्लूटूथचा दिवा लागतो, आवाज नाही. हमिंगही नाही, एकदम मुका. मी उघडून फोटो काढून मित्राला पाठवला (हा फोटो पुढे कामाला आला) आणि सकाळी पुन्हा दुकानात. त्याने मीटरच्या पिना इकडे-तिकडे टेकवल्या, दोन मिनिटांत निकाल: "दोन्ही आयसी उडालेत. जुन्या मालाला नवा सप्लाय झेपला नाही." ओरिजिनल म्हणून ३५० चा एक, असे दोन घातले. त्याच बैठकीत आवाज आला. मी खूश. जुने आयसी मात्र मागून घेतले. पार्ट बदलला की जुना परत घ्यायचा, ही आमच्या वडिलांची सवय. त्याने तोंड वाकडं करून दिले.

दुसऱ्या संध्याकाळी आवाज अर्ध्यावर नेला आणि डावीकडून फट्ट. वूफरचा कोन आत ओढला गेला तो तसाच राहिला, आणि वार्निश जळाल्याचा वास. आयसी आतून शॉर्ट होऊन मायनसचे सगळे व्होल्ट सरळ स्पीकरवर आले होते. फ्यूज जायच्या आधी कॉइल गेली.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यभर रेडिओ-टेप दुरुस्त केले. त्यांनी आधी आयसीकडे पाहिलंच नाही. "पहिल्यांदा मुका झाला तेव्हा फ्यूज गेला होता का रे?"

"नाही काका."

"मग दोन्ही आयसी एकदम कसे गेले? आयसी जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो, फ्यूज घेऊन जातो."

मग तो फोटो पाहिला. बोर्डाजवळ एक बारीक लाल वायर मोकळी लोंबत होती. जुन्या ट्रान्सफॉर्मरला १२ व्होल्टचं वेगळं वाइंडिंग होतं, त्यावर ब्लूटूथ चालायचं आणि त्यातूनच ही वायर स्टँडबायला, म्हणजे आयसीला जागं करणाऱ्या पायांकडे जायची. नव्याला ते वाइंडिंगच नाही. दुकानदाराने ब्लूटूथला छोटा ॲडाप्टर दिला आणि लाल वायर विसरला. या आयसीच्या ९ आणि १० नंबरच्या पायांना साडेतीन व्होल्टच्या वर मिळाले नाहीत तर तो गप्प बसतो. बिघडलेला नसतो, झोपलेला असतो. दुसऱ्या खेपेला त्याने वायर जोडली, वर टेप गुंडाळला, आणि बिल लावलं आयसीचं. विसरणं मी समजू शकतो. पण टेप गुंडाळणाऱ्या हाताला सगळं कळलेलं होतं.

काकांनी जुने आयसी पुन्हा बसवले, जुना ट्रान्सफॉर्मर जोडला, आणि लाइनमध्ये १०० वॅटचा बल्ब सिरीजला टाकला. बल्ब एकदा भपकन पेटून मंद झाला. तसाच लख्ख राहिला असता तर कुठेतरी शॉर्ट. स्पीकर न लावता आउटपुटवर मीटर धरला: १२ मिलिव्होल्ट, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मग माझा एक जुनाट, फाटका स्पीकर लावला. वाजला. "उडालेले" दोन्ही आयसी!

उडालेल्या नव्या आयसीवर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला तर अक्षरं बोळ्यावर आली, म्हणजे नकली माल. जुन्यावर घासून घासून काही झालं नाही.

दोन्ही जोड्या घेऊन दुकानात गेलो. "माल वरूनच असा येतो," म्हणत त्याने आयसीचे ७०० परत केले, तेही चार गिऱ्हाईकं ऐकत होती म्हणून. ट्रान्सफॉर्मर घेईना. पावती म्हणजे वहीचा एक चिटोरा, त्यावर नुसता आकडा, माझ्या बाजूने बोलायला काहीच नाही. घरी येऊन त्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचं टोक ब्लेडने खरवडलं. वरचा लाल मुलामा गेला, खाली पांढरंशुभ्र ॲल्युमिनियम.