एस्सिटालोप्रॅम की ब्युप्रोपिऑन: साडी दाखवणाऱ्याच्या नजरेतून

पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात मी बावीस वर्षं गादीवर बसतोय. या धंद्यात हातांपेक्षा डोळ्यांना काम जास्त. बस्त्याला पाच-सहा बायका आल्या, की बोलणारी एक असते, पैसे देणारी दुसरी आणि ठरवणारी तिसरीच. ती तिसरी कडेला बसून एखाद्या मोरपंखी काठाकडे क्षणभर जास्त बघते, आणि पुढची घडी कुठली मोडायची ते मला तेवढ्यावर कळतं. डिप्रेशनच्या या दोन गोळ्यांची तुलनाही मी याच जागेवरून करणार. मळमळ, वजन, दोघा-नवराबायकोतल्या अडचणी ही यादी तुमच्या डॉक्टरांनी सांगितली असेलच.

आजारपणात मला चेहरे वाचता येत नव्हते असं नाही, ते उलटे वाचले जात. नैराश्यात साधा, निर्विकार चेहराही नाराज भासतो, हे डॉक्टरांना नवं नाही. गिऱ्हाईक नुसतं विचारात असायचं आणि मी आपला ‘दुसरी दाखवतो’ म्हणून जमत आलेली साडी उचलून घ्यायचो.

हे थांबवलं एस्सिटालोप्रॅमने, ते श्रेय तिचंच. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली निरोगी माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना सात दिवस सिटालोप्रॅम (एस्सिटालोप्रॅम हा त्याचाच अर्धा भाग), तर काहींना रिबॉक्सेटिन हे डिप्रेशनवरचंच दुसरं औषध दिलं. त्यांच्या मूडमध्ये फरक नव्हता, पण राग आणि भीती दाखवणारे चेहरे ते कमी ओळखू लागले. म्हणजे मन सुधारायच्या आधी नजर सुधारते. माझ्याही बाबतीत झोप आणि भूक नंतर आली, लोक माझ्यावर चिडलेले नाहीत हे आधी कळलं.

मग डोस १० वरून २० झाला आणि काही महिन्यांनी मला ‘छान आहे’ ऐकू येईना. कानाला येत होतं, अर्थ लागत नव्हता. आमच्याकडे ‘छान आहे’चे निदान चार अर्थ आहेत. खरंच आवडली. आवडली, पण सासूबाईंसमोर बोलता येत नाही. आवडली नाही, तुमचा हिरमोड नको. आणि चौथा, परवडत नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीत एका नवरीची आई प्रत्येक साडीला ‘छान आहे’ म्हणत होती आणि मी त्याच भावाच्या साड्या एकामागून एक उलगडत होतो. शेवटी ‘जरा फिरून येतो’ म्हणून सगळे उठले. त्याचा अर्थ गादीवरच्या कोणालाही सांगावा लागत नाही. घड्या घालताना आमचा पोऱ्या म्हणाला, “मामा, बाई मघापासून पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. दिसलं नाही तुम्हाला?”

नव्हतं दिसलं. आणि ते गेले याचं मला काही वाटलंही नाही. विक्री बुडाल्यापेक्षा हे जास्त खटकलं, तेही दोन दिवसांनी. घरी बायको म्हणायची, “अहो, निदान भांडा तरी.”

केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ साली साठेक निरोगी माणसांवरचा अभ्यास मांडला. किमान एकवीस दिवस २० मिलिग्रॅम एस्सिटालोप्रॅम घेतलेल्यांचं लक्ष आणि स्मरणशक्ती जागेवर होती, पण समोरून मिळालेल्या प्रतिसादावरून आपली निवड बदलणं मंदावलं होतं. ते खेळ कॉम्प्युटरवरचे होते, साड्यांचे नव्हेत. तरी वाचताना मला ती पर्स आठवली.

डॉक्टरांनी आधी डोस परत १० केला. थोडं उघडलं, पुरतं नाही. मग हळूहळू ती उतरवत ब्युप्रोपिऑन आणलं, १५० ची, सकाळी एक. एस्सिटालोप्रॅम मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर चालते, हिचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. ही डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या दुसऱ्या दोन रसायनांवर चालते, आणि भावना बोथट झाल्याची तक्रार हिच्यावर कमी ऐकू येते.

सुखाची मात्र नाही ही गोळी. पहिले दोन आठवडे तोंड कोरडं, हाताला बारीक कंप, रात्री टक्क जाग. वरचं वाचन त्याच रात्रींतलं. फिटचा इतिहास असेल किंवा जेवणाशी वैर धरणारा आजार (ॲनोरेक्सिया, बुलिमिया) असेल, तर हिचं नावही काढू नये. अमेरिकेत १९८५ ला मान्यता मिळाली, फिट येतात म्हणून १९८६ ला बाजारातून काढली आणि १९८९ ला कमी डोसच्या मर्यादेत परत आणली, अशी हिची कुंडली आहे.

दीड महिन्याने एक सासूबाई ओठ किंचित मुडपून बसल्या होत्या. माझा हात आपोआप थांबला आणि खालच्या फळीवरचा साधा काठ निघाला. घेतला त्यांनी. आता हे औषधाने झालं, की आजारच ओसरला होता, की एस्सिटालोप्रॅम सुटल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दोन्ही गोळ्या घेऊन त्याच गादीवर बसलोय, आणि फरक मला गादीवरच दिसला.

मधल्या काळात झोपेसाठी क्लोनाझेपाम मिळालं होतं, ते मी लवकर सोडवून घेतलं. त्याच कुळातल्या डायझेपामच्या एका डोसनंतर रागावलेला चेहरा ओळखणं अवघड जातं, असं नव्वदीच्या दशकातच दिसलं होतं. रागावलेलं गिऱ्हाईक न ओळखणं आम्हाला परवडत नाही.

तुमचा त्रास मुख्यतः धास्तीचा असेल, छातीत धडधड, लोकांत जायची भीती, तर एस्सिटालोप्रॅमच आधी बघावी. ब्युप्रोपिऑनने धडधड वाढूही शकते. हिशेबाच्या टेबलावरच्या आमच्या सहकाऱ्याला एस्सिटालोप्रॅम चार वर्षं उत्तम चालली आहे, त्याला समोर चेहरे नसतात, आकडे असतात. चेहऱ्यांवर पोट असेल तर मात्र डॉक्टरांना ब्युप्रोपिऑनबद्दल विचारून बघा. परस्पर बदलू नका, एस्सिटालोप्रॅम एकदम सोडली की डोकं गरगरतं. मी एकदा दिवाळीच्या गर्दीत दोन दिवस गोळी विसरलो होतो, तेव्हा शिडीवरून उतरवून बसवावं लागलं होतं मला.

तोंड अजून कोरडं पडतं. पाण्याची बाटली गादीखाली असते. बायको म्हणते, पुन्हा चिडायला लागलात, आणि म्हणताना हसते. ते हसू मला दिसतं.