टीसीएल पावडर: ताजी असेल तर हिच्या तोडीचं काही नाही

ग्रामपंचायतीच्या विहिरीसाठी टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, घेताना भाव नंतर, उत्पादनाची तारीख आधी बघा. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. हवा, ऊन, ओल लागली की तो उडून जातो आणि हाती नुसता चुना उरतो. गुठळ्या झाल्यात, नाकाला वास झोंबत नाही, असं पोतं परतच करा. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाणी शुद्धीकरणाला चालत नाही.

माप 1000 लिटरला 5 ग्रॅम. विहिरीचा व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर खोल असेल तर व्यास × व्यास × खोली × 785 (हा आकडा ठरलेला), म्हणजे 3 × 3 × 4 × 785, सुमारे 28 हजार लिटर पाणी आणि 140 ग्रॅम पावडर. पाण्याची पातळी बदलते तसं हे गणित पुन्हा करावं लागतं. बारा महिने एकच डबा मापून चालत नाही.

खरी चूक होते ती टाकताना. कोरडी पावडर वरून भिरकावली तर ती तरंगते, नाहीतर तळाशी बसते. प्लॅस्टिकच्या बादलीत एका वेळी जास्तीत जास्त 100 ग्रॅम घ्या, थोड्या पाण्यात पेस्ट करा, पाऊण बादली भरून ढवळा, 10 मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून दोराने विहिरीत सोडा आणि वरखाली हिसके द्या. खालचा चुना विहिरीत नको, पाणी जड होतं. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर कुणी पाणी भरू नये. लोखंडी बादली, पत्र्याचा डबा टाळा, गंजतात.

मर्यादाही मोठ्या आहेत. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो, म्हणून पावसाळ्यात आधी पाणी निवळायला हवं. फ्लोराइड, नायट्रेट यावर ही पावडर काहीच करत नाही.

तरीही कॉलरा, हगवण अख्ख्या गावापासून दूर ठेवायला इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. घरोघरी फिल्टर घेणं सगळ्यांना परवडत नाही. विहीर मात्र सगळ्यांची असते.

ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासणं, विहिरीवर करून थांबू नका. नळयोजना असेल तर वस्तीच्या शेवटच्या नळावर करा. तिथे पिवळा रंग आला, लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन दिसला, तर ठीक. विहिरीवर पिवळा आणि शेवटच्या नळाला रंगच आला नाही, तर पावडर वाढवण्याआधी गटाराजवळची गळकी पाइपलाइन शोधा.