तांबाकाट्याजवळची कल्हई: एक अनुभव

आजीच्या पितळी पातेल्यात केलेली चिंचगुळाची आमटी कळकली, तेव्हा आतली कल्हई उडाल्याचे ध्यानात आले आणि तीन पातेली पिशवीत घालून मी मुंबईत पायधुणीजवळच्या तांबाकाटा भागातील एका लहानशा दुकानात गेलो.

तेथील वयस्क कारागिराने पातेले घासून कोळशाच्या भट्टीवर तापवले, नवसागराची पूड टाकताच पांढरा धूर उठला, आणि कथलाची पट्टी टेकवताच ती वितळून पसरू लागली. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो, म्हणून कथील पितळेला धरते. मग कापसाचा बोळा असा झरझर फिरला की काळपट तळ पाहता पाहता चांदीसारखा उजळला.

पातेले उजेडाकडे कलते धरून त्यांनी ते निरखले आणि काठाजवळच्या, मला अजिबात न दिसलेल्या एका मंद डागासाठी ते पुन्हा भट्टीवर चढवले. मी ‘राहू द्या’ म्हटले, तर म्हणाले, “तुम्हाला नाही दिसला, पण मला दिसला ना!” दिवसभर धुरात बसूनही चेहऱ्यावर असे समाधान असणारा माणूस मी तरी क्वचितच पाहिला आहे.

तक्रारी दोन: तासाभराचे काम संध्याकाळपर्यंत लांबले आणि बसायला स्टूलसुद्धा नव्हते. बाहेरची काजळी मात्र मी घरी चिंचेने घासली, आणि खरे सांगायचे तर तिसऱ्या पातेल्यापर्यंत मीही ते उजेडाकडे धरून पाहू लागलो होतो.