पिको डब्ल्यू: दोन कोअर खरेच आहेत, पण पायथनमध्ये जरा जपून

रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू, म्हणजे वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, वापरून चार महिने झाले. त्याच्या चिपमध्ये दोन कोअर, म्हणजे कोड चालवणारे दोन भाग आहेत. एमजी रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात साडेपाचशेच्या आसपास मिळाला. पहिली चूक माझीच, पिना लावलेला म्हणजे डब्ल्यूएच मागायचं सोडून साधा उचलला, मग रात्री बसून चाळीस पिना सोल्डर केल्या, त्यात शेजारशेजारच्या दोन चिकटल्या त्या सोडवायला अजून अर्धा तास.

काम काय तर नाशिकजवळच्या मखमलाबादला मामांची द्राक्षाच्या रोपांची छोटी नर्सरी आहे, तिथं अर्ध्या इंची पाइपवर फ्लो सेन्सर लावून वाफ्याला किती पाणी गेलं ते मोजायचं आणि दर मिनिटाला वायफायवरून आकडा पाठवायचा. सेन्सर ५ व्होल्टचा आणि पिकोच्या पिना ३.३ च्या, म्हणून मधे १० के आणि २० के चे दोन रेझिस्टर टाकले, हे विसरू नका. सेन्सर लिटरला साधारण ४५० पल्स (विजेचे छोटे ठोके) देतो, म्हणजे मिनिटाला १० लिटर पाणी चाललं तर सेकंदाला ७५. आता तिथलं नेट कसं ते मखमलाबादवाल्यांना विचारा, रिक्वेस्ट चार-पाच सेकंद अडकते आणि तेवढा वेळ एकाच लूपमधली मोजणी गप्प. २० लिटरची बादली भरून बघितली तर आकडा कधी साडेअठरा, कधी अठरा. मामा म्हणे, "तुझ्या यंत्रापेक्षा माझी बादली बरी."

मग मोजणी दुसऱ्या कोअरवर टाकली. मायक्रोपायथनमध्ये (अशा बोर्डांसाठीचं छोटं पायथन) एकाच वेळी दुसरं काम चालवायला थ्रेड मॉड्यूल आहे, एका ओळीत फंक्शन कोअर १ वर सुरू होतं, आणि आरपी२०४० वर, म्हणजे पिकोच्या चिपवर, दोन्ही कोअर खरोखर एकाच वेळी चालतात, पीसीवरच्या नेहमीच्या पायथनसारखं एकमेकांची वाट बघणारं कुलूप इथं नाही. भारी वाटलं. पण कुलूप नाही म्हणजे सांभाळायचं आपणच. मी कोअर ० वरून आकडा वाचायचो आणि शून्य करायचो, तर मधेच एखाद्या मिनिटाला दुप्पट पाणी दिसायला लागलं! दोन रात्री पाइप आणि वायर तपासत बसलो आणि घोळ निघाला कोडमध्ये. कोअर १ नं ४५०० वाचलं, तेवढ्यात कोअर ० नं शून्य केलं, आणि कोअर १ नं आपलं ४५०१ परत लिहून टाकलं. एका वेळी एकच कोअर आकड्याला हात लावेल असा लॉक लावला तरी चाललं असतं, पण मी शून्य करणंच बंद केलं, मागचा आकडा लक्षात ठेवून वजाबाकी करतो, लिहिणारा कोअर एकच.

अजून दोन गोष्टी डोकं खातात. थॉनीमध्ये (पीसीवरून कोड टाकायचं सॉफ्टवेअर) स्टॉप दाबलं की कोअर ० थांबतो, दुसरा बिनधास्त चालूच, आणि परत थ्रेड सुरू करायला गेलात की 'कोअर १ इन यूज' असं तोंडावर मारतो. मला तर सरळ केबल काढून लावायची सवयच लागली राव. आणि दुसऱ्या कोअरवर थ्रेड एकच, तिसरं काम हवं असेल तर असिंकआयओ शिका, त्यात एकाच कोअरवर कामं आळीपाळीनं चालतात. खरं सांगायचं तर रिले, एलईडी, दर दोन सेकंदांनी तापमान एवढंच असेल तर नुसत्या असिंकआयओवर भागतं, कोअर १ च्या नादी लागूच नका. पल्स मोजायला इंटरप्ट (पल्स आली की चालू काम थांबवून आधी तिची नोंद) किंवा पीआयओही (चिपमधला पिना सांभाळणारा वेगळा भाग) चालला असता, मान्य, पण तोपर्यंत मला ते जमत नव्हतं.

फाइल फ्लॅशवर, म्हणजे बोर्डाच्या कायमच्या मेमरीवर, सारखी लिहू नका, प्रोग्रामही त्याच फ्लॅशवरून चालतो, म्हणून लिहिताना दुसऱ्या कोअरला क्षणभर थांबावं लागतं. मी तासातून एकदाच लिहितो.

आता बादलीला पावणेवीस ते वीस येतं. दुसऱ्या वाफ्यासाठी अजून एक घेतोय, पिको २ डब्ल्यूत रॅम २६४ च्या जागी ५२० केबी आहे पण या कामाला काय करायचीय, तोच जुना घेणार. डब्ल्यूएच मागून.