देवळाली कॅम्पातलं जुन्या सामानाचं दुकान: माल भारी, लेबलांवर जाऊ नका

कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांमधून निघालेलं सामान विकणारं हे दुकान बाहेरून नुसतं खुर्च्या-टेबलांचं वाटतं, पण आत मागच्या रॅकवर इंग्लंडच्या छापील चिनीमातीचा खजिना पडलाय. निळ्या प्लेटा, सूपची झाकणवाली भांडी, तपकिरी बश्या. नाशकात एवढा माल एका जागी मी तरी कुठे बघितला नाही.

आता लेबलं. सगळ्यालाच 'व्हिक्टोरियन' लिहून ठेवलंय, तेव्हा आधी प्लेट उलटी करा. मागे 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक विसाव्या शतकातली, राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्येच गेली. नुसतं 'इंग्लंड' असेल तर साधारण १८९१ नंतरची, कारण अमेरिकेने तेव्हा आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'कोपलंड' दिसलं तर तो स्पोड या नावाजलेल्या इंग्रज चिनीमातीवाल्यांचाच कारखाना, १८३३ नंतरचा. आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का असेल तर सोडूच नका, डिझाइन नोंदवल्याचा तो शिक्का १८४२ ते १८८३ एवढाच चालला. अर्थात तो नोंदणीची तारीख सांगतो, प्लेट नंतरचीही असू शकते. मी तसलीच एक तपकिरी बशी उचलली, बांबू आणि पक्षी, त्या काळी तिकडे जपानी नक्षीचं वेड होतं.

काठावरची वेल एका जागी जुळत नाही म्हणून एक बाई प्लेट परत ठेवत होत्या, अहो तो डिफेक्ट नाही! तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, रंग भरून ती पातळ कागदावर उठवायची, मग तो कागद कापून भाजलेल्या भांड्यावर घासायचा, धुऊन काढायचा आणि वरून झिलई, त्यात गोल काठावर पट्टी कुठेतरी जोडावीच लागणार. जोसाया स्पोडने इंग्लंडातल्या स्टोक गावात १७८४ च्या सुमारास निळ्या छापाचं हे तंत्र नीट बसवलं नि मग अख्ख्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या कारखान्यांनी तेच धरलं.

मालक काका गप्पिष्ट, पण विलो पॅटर्नची (विलोचं झाड, पूल आणि दोन पक्षी अशा निळ्या नक्षीची) प्लेट 'खास चीनची' म्हणून खपवतात, नक्षी चिनी वळणाची असली तरी ती बनवली इंग्रजांनीच. भाव सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरू करा. घेण्याआधी टिचकी मारून बघा, आवाज बद्द आला तर आत तडा आहे. आणि यात जेवू नका प्लीज, जुन्या झिलईत शिसं असायचं, भिंतीवरच लावा.

पॅकिंग एकदम भंगार, एका पेपरात गुंडाळून देतात, घरून जुना टॉवेल न्या. साडेतीन स्टार, तेही मालाला.