वर्षाला २० पौंड टॅक्सवाली टोयोटा आयगो: यूकेत सेकंडहँड घेताना काय बघायचं

यूकेत स्वस्तातली छोटी गाडी शोधायला लागलं की तीन नावं हमखास समोर येतात: टोयोटा आयगो, सिट्रोएन सी१ आणि प्यूजो १०७. तिन्ही झेकियातल्या कोलिनच्या एकाच कारखान्यातल्या. एक लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन तेच, फरक काय तो दिव्या-बंपरांचा आणि बिल्ल्याचा. त्यामुळे आयगोसाठी अडून बसू नका. चांगली राखलेली सी१ त्याच वयाच्या आयगोपेक्षा बहुतेक वेळा स्वस्तात पडते.

आधी टॅक्स, म्हणजे गाडीचा वार्षिक रोड टॅक्स, कारण फसगत तिथेच होते. १ मार्च २००१ ते ३१ मार्च २०१७ या काळात पहिल्यांदा नोंदलेल्या गाड्यांना कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर टॅक्स लागतो. २०२५-२६ च्या दरांनी किलोमीटरला ११० ग्रॅमपर्यंत वर्षाला २० पौंड, १११ ते १२० ला ३५, आणि १२१ झाले की थेट १६५. या इंजिनाच्या मॅन्युअल गाड्या ११० च्या आत बसतात, म्हणजे २० पौंड. मात्र १ एप्रिल २०१७ पासून नोंदलेल्या गाडीला, धूर कितीही कमी सोडो, २०२५-२६ च्या दराने सरसकट १९५ पौंड. नंबरप्लेटवरचा आकडा नोंदणीचा काळ सांगतो, आणि ‘१७’ ची प्लेट मार्च २०१७ मध्ये सुरू झाली. म्हणून एकाच प्लेटच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील आणि एकीचा टॅक्स दुसरीपेक्षा १७५ पौंडांनी जास्त असेल. नवे दर चुकवायला त्या मार्चमध्ये गाड्यांची विक्रमी नोंदणी झाली, त्यामुळे ‘१७’ प्लेटची २० पौंडवाली गाडी शोधली तर सापडते. प्लेट बघून ठरवू नका. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की पहिल्या नोंदणीची माहिती, ग्रॅमचा आकडा आणि टॅक्सची स्थिती फुकटात दिसते.

इलेक्ट्रिक म्हणजे शून्य टॅक्स, हेही आता जुनं झालं. एप्रिल २०१७ नंतरच्या इलेक्ट्रिक गाडीलाही १ एप्रिल २०२५ पासून तोच सरसकट टॅक्स.

आता गाडी. २००५ ते २०१४ ची पहिली पिढी साधारण दीड ते तीन हजार पौंडांत मिळते. इंजिनाला टायमिंग चेन आहे, म्हणजे ठरावीक मैलांवर बेल्ट बदलायचा खर्च नाही. न्यूट्रलमध्ये थोडी थरथरते, ते तीन सिलिंडरचं लक्षण, त्याला घाबरू नका. भीती बाळगायची ती क्लचची, विशेषतः सुरुवातीच्या गाड्यांत. चढावर चौथ्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी हलायला लागते, तेव्हाही तेच समजा आणि क्लचचा खर्च किमतीतून कापून घ्या.

दुसरं दुखणं वॉटर पंपाचं. बॉनेट उघडून बेल्टच्या बाजूला टॉर्च मारा. टोयोटाचं कूलंट गुलाबी असतं, ते गळून वाळलं की गुलाबी-पांढरी खरपुडी धरते. ती दिसली, किंवा चालू करताच त्या बाजूने किरकिर ऐकू आली, तर पंप बदलायला आलाय. मग मागे जा, डिकीतला गालिचा उचला आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. मागच्या दिव्यांच्या सीलमधून पाणी शिरणं हे या गाडीचं ठरलेलं आहे. गालिचा कोरडा आणि खाली तळं, असंही सापडतं. सील स्वस्त असतात, पण वर्षानुवर्षं साठलेल्या पाण्याने पत्रा गंजला असेल तर सोडून द्या. मागचा सायलेन्सर गंजून फुटतो, ते चालेल, फार खर्च नाही. पाच दारांच्या गाडीत मागच्या काचा खाली होत नाहीत, नुसत्या किंचित बाहेर उघडतात. मागे आजी-आजोबा बसणार असतील तर हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

क्लच पेडल नसलेली सेमी-ऑटोमॅटिक मात्र नको. तिचा अॅक्च्युएटर (क्लच आपोआप दाबणारा-सोडणारा भाग) बिघडला की दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या मानाने परवडत नाही. २०१४ नंतरच्या पिढीत (तिथे प्यूजोचं नाव १०८) आणखी एक सापळा आहे: सी१ आणि १०८ मध्ये १.२ प्युअरटेक इंजिनही येतं. त्याचा टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असतो, त्याचे तुकडे सुटून तेलाची जाळी तुंबते. टोयोटाचं एक लिटरचंच घ्या. मार्च २०१७ पर्यंतच्या फोर्ड फिएस्टाच्या मॅन्युअल १.० इकोबूस्टलाही २० पौंडच टॅक्स, गाडी चालवायला कितीतरी मजेदार, पण तिचाही बेल्ट तेलातला. तो बदलल्याची पावती नसेल तर हजार पौंडांहून मोठा खर्च डोक्यावर आहे असं धरून चाला.

पर्याय म्हणून सुझुकी आल्टो बघा. ही मानेसरला बनलेली, भारतात ए-स्टार नावाने विकली गेली तीच. मॅन्युअलचा टॅक्स २० पौंड, इंजिन चेनवालं, डिकी जेमतेम १२९ लिटर. मोठ्या सुटकेसा आणायला विमानतळावर जाणार असाल तर मागची सीट पाडावी लागेल. चेन्नईची ह्युंदाई आय१० ऐसपैस आहे, पण वर्षाप्रमाणे टॅक्स २० किंवा ३५, आणि ऑटोमॅटिकला टॅक्स बराच जास्त. ऑटोमॅटिकच हवी आणि पैसे थोडे जास्त असतील तर मार्च २०१७ पर्यंतची टोयोटा यारिस हायब्रिड घ्या, टॅक्स २० पौंडच.

कमी टॅक्सच्या मोहाने जुनी डिझेल घेऊ नका. शहरात थोडं-थोडं चालवून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबतो, आणि युरो ६ या प्रदूषणाच्या मानकात न बसणाऱ्या डिझेलला लंडनच्या युलेझमध्ये (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणारा भाग) दिवसाला साडेबारा पौंड. दोन दिवसांत आयगोचा वर्षाचा टॅक्स वसूल! पेट्रोलला युरो ४ पुरतं.

भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर गाडी बघायला जाण्याआधी त्याच नंबरवर विम्याचं कोटेशन काढा. टॅक्समध्ये वाचलेले पैसे विम्यात कित्येक पटींनी जाऊ शकतात. एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास फुकट दिसतो. त्यात मैलांचा आकडा मध्येच कमी झालाय का आणि ‘कॉरोजन’ (गंज) हा शेरा वर्षागणिक वाढतोय का, एवढं तरी वाचाच. गाडीवरचं थकलेलं कर्ज आणि विमा कंपनीने मोडीत काढल्याची नोंद यासाठी पैसे भरून वेगळी तपासणी करावी लागते.

विकणाऱ्याने भरलेला टॅक्स ऑक्टोबर २०१४ पासून नव्या मालकाकडे येत नाही. व्ही५सी या गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा हिरवा तुकडा हातात घ्या, त्यावरच्या १२ आकडी क्रमांकाने फोनवरूनच टॅक्स भरा आणि मगच किल्ली फिरवा. व्ही५सी ‘मागवलंय, पोस्टाने येईल’ म्हणणाऱ्याला, ते आल्यावर भेटू, असं सांगा.