पॉलिश कोबा: ऍक्रिलिकचा थर की लिथियम सिलिकेट?

कोबा पॉलिश करायचं ठरलं की चर्चा घिसाईच्या पॅडच्या नंबरांवर अडकते (नंबर मोठा तसं पॅड बारीक), 800 पुरे की 1500 हवा. रोजच्या जगण्याला मात्र वरून काय मारणार हे जास्त भोवतं. आणि ते आधीच ठरवावं लागतं, कारण लिथियम सिलिकेट, म्हणजे कोब्यात मुरून त्याला कडक करणारं द्रावण, साधारण 400 नंबरची घिसाई झाल्यावर, शेवटचे नंबर फिरवण्याआधी मुरवतात. ऍक्रिलिक सीलर, म्हणजे पृष्ठभागावर बसणारं पारदर्शक लेपन, सगळं आटोपल्यावर रोलरने चढतं.

पहिल्या दिवशी ऍक्रिलिकच उजवं दिसतं. ओली झळाळी येते, खडीचा रंग उठतो, चहा-हळद सांडली तर पुसायला सवड मिळते. लिथियमची चमक शांत असते. सिलिकेट काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून बारीक छिद्रं भरतं, पृष्ठभाग कडक होतो आणि भुकटी सुटायची थांबते. डाग धरू नये म्हणून त्यावर इम्प्रेग्नेटर नावाचं वेगळं द्रावण लागतं, तेही आत मुरणारंच. तरीही लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ पडून राहिलं तर तिथला चुना खाल्ला जातो आणि फिकट, खरखरीत चट्टा उरतो. ओट्यापाशी हे होणारच, हे मान्य करूनच पुढे जावं.

मग माझा कल लिथियमकडे का? दुरुस्तीमुळे. ऍक्रिलिकचा थर चालायच्या वाटेवर आधी झिजतो. दारापासून ओट्यापर्यंत मंद पट्टा पडतो, सोफ्याखाली मात्र झळाळी तशीच राहते. फक्त त्या पट्ट्यावर नवा हात मारला तर कडा स्पष्ट दिसतात. म्हणजे पूर्ण खोली मोकळी करून थर काढणं आलं: अल्कधर्मी स्ट्रिपर ओतून 10-15 मिनिटं ओला ठेवायचा, वाळू द्यायचा नाही, पॅडने घासून चिखल लगेच उपसायचा, साध्या पाण्याने दोनदा धुवायचं, पूर्ण सुकल्यावर नवा थर. स्ट्रिपरचा अंश राहिला तर नवा थर नीट धरत नाही, पापुद्रे सुटतात.

तळमजल्यावर आणखी एक त्रास. पावसाळ्यात खालून ओल वर येते, थराखाली अडकते आणि पांढरट ढग दिसू लागतात. ते कितीही पुसा, जात नाहीत, कारण ते वर नसतातच. कोकणातल्या घरांत तर मला हे जवळजवळ ठरलेलंच वाटतं.

लिथियमवाल्या जमिनीवरचा लिंबाचा चट्टा तेवढ्यापुरता सुधारता येतो. हाताचं रेझिन डायमंड पॅड घ्यावं, थोडं पाणी शिंपडून 800 ने सुरुवात करावी. खड्डा जाणवत असेल तरच 400 वर उतरावं. पुढे मूळ पॉलिशच्या नंबरापर्यंत चढावं, चट्ट्याबाहेर चार बोटं जास्त घासावं, म्हणजे गोल वेगळा दिसत नाही. धुऊन सुकवावं, थोडं सिलिकेट मुरवून जास्तीचं पुसून घ्यावं, नाहीतर पांढरी पूड बसते. शेवटी इम्प्रेग्नेटर. बारकाईने पाहिलं तर जागा कळते, पण खटकत नाही.

रोजची निगा दोन्हीकडे सारखीच. आधी कोरडा मायक्रोफायबर मॉप, कारण चपलांबरोबर आलेली रेती हीच खरी शत्रू. तिच्यावरून ओला पोछा फिरवणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. मग न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कधर्मी) क्लीनर, बाटलीवर लिहिलंय तेवढाच. जास्त घातला तर चिकट थर राहतो, त्यावर पावलं उमटतात आणि पॉलिश गेलं असं वाटतं. संडास साफ करायचं ऍसिड आणि व्हिनेगर या जमिनीजवळ आणूच नका. दारात आत-बाहेर दोन पायपुसणी ठेवली तर निम्मं काम वाचतं.

वरच्या मजल्यावर, कोरड्या जागी किंवा दोन-तीन वर्षांपुरत्या भाड्याच्या दुकानात ऍक्रिलिक चालेल. ते कमी खर्चात पटकन उरकतं. तळमजल्यावर तरीही तेच हवं असेल, तर थर देण्याआधी दीड फूट बाय दीड फुटाचं जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान 16 तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला, तर रोलर उचलू नका.